मल्टिक्लासवर बंदी नको, नियम आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिका-खेळांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत जो लेख आला, त्यावर आमच्या गटात बराच वेळ बोलणे झाले. मराठी वृत्तपत्रात या छंदाला अर्धे पान मिळाले, याचा आनंद आहेच. परंतु नव्या डीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, शेवटी जे सल्ले दिले आहेत, त्यांत मल्टिक्लास (एकाच पात्राने दोन पेशे घेणे) ही हुशार खेळाडूंची पळवाट असून ती पहिल्या दिवशीच बंद करावी, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. ते मला पटलेले नाही. मी हिशेब तपासण्याची नोकरी करते, ठाण्यात राहते आणि २०१५ पासून दर दुसऱ्या रविवारी घरच्या जेवणाच्या टेबलावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव चालवते. लेखात सुचवलेली बंदी मी एकदा घालून पाहिली आहे आणि ती ज्याच्यासाठी घातली, त्याला तिचा काहीच त्रास झाला नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक खेळाडूचे एक पात्र असते आणि त्या पात्राचा एक क्लास, म्हणजे पेशा असतो: लढणारा फायटर, पोथ्यांतून मंत्र शिकलेला विझार्ड, देवाच्या सेवेतला क्लेरिक, कुलपे उघडणारा रोग. या शेवटच्या शब्दाने माझ्या सासूबाई दर वेळी दचकतात, म्हणून आमच्याकडे त्याला सरळ चोर म्हणतात. २००० सालापर्यंत पुस्तकातही त्याचे नाव ‘थीफ’ असेच होते. अनुभव साठत जातो तशी पात्राची पातळी वाढते. वाढलेली पातळी जुन्या पेशात न घेता दुसऱ्याच पेशात घेतली की पात्र मल्टिक्लास झाले. तीन पातळ्या चोराच्या आणि दोन क्लेरिकच्या, असे मिळून पाचव्या पातळीचे पात्र बनते.

ही पळवाट कुणा चलाख खेळाडूने मागाहून शोधून काढलेली नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये काढलेल्या पहिल्या तीन पुस्तिकांतच एल्फ या मानवेतर जमातीच्या पात्राला एका मोहिमेवर लढवय्या म्हणून आणि पुढच्या मोहिमेवर जादूगार म्हणून जाण्याची मुभा होती. मोहीम चालू असताना मात्र बदल चालत नसे. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने याचे दोन रस्ते केले. मानवेतर पात्रे एकाच वेळी दोन किंवा तीन पेशे चालवीत आणि मिळालेला अनुभव त्यांत समान वाटला जाई. माणसाला मात्र पहिला पेशा सोडून दुसरा धरावा लागे. त्यासाठी जुन्या पेशाच्या मुख्य गुणात (शक्ती, बुद्धी अशा आकड्यांत मोजल्या जाणाऱ्या गुणांपैकी एकात) किमान १५ आणि नव्या पेशाच्या मुख्य गुणात किमान १७ असावे लागत, आणि नव्या पेशाची पातळी जुन्याच्या पुढे जाण्याआधी जुनी विद्या वापरली, तर त्या मोहिमेचा सगळा अनुभव बुडे.

यांपैकी अनुभव वाटून घेण्याची पद्धत मला, कदाचित नोकरीच्या सवयीमुळे, फार आवडते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतले आकडे घ्या. फायटरला १६,००० अनुभवगुणांवर पाचवी पातळी मिळे. तेवढेच गुण लढाई आणि जादू यांत वाटणाऱ्या एल्फकडे प्रत्येक बाजूला ८,००० येत, म्हणजे तो चौथ्या पातळीचा फायटर आणि तिसऱ्या पातळीचा जादूगार असे. प्रत्येक पातळीची किंमत आधीच्या जवळपास दुप्पट असल्यामुळे, कमाई निम्मी होऊनही तो दोन्हीकडे एकेका पातळीनेच मागे राही. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याला किंमत मोजावी लागे, पण ती परवडण्याजोगी होती.

‘टीएसआर’ ही मूळ कंपनी १९९७ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती काढून आजची पद्धत आणली: पातळ्यांची एकच शिडी आणि तिची प्रत्येक पायरी हव्या त्या पेशात. सोय झाली, पण जुना हिशेब मोडला. एकीकडे नको तिथे फायदा झाला. फायटर आणि त्याच्यासारखेच लढणारे रेंजर व बार्बेरियन यांची एकेक पातळी घेणाऱ्याला विषासारख्या संकटांपासून वाचण्याच्या फाशात प्रत्येकाचे २ मिळून ६ मिळत, तर निव्वळ तिसऱ्या पातळीच्या फायटरला ३ च मिळत. दुसरीकडे, पेशांच्या पातळ्यांत एकापेक्षा जास्त अंतर पडले की २० टक्के अनुभव कापला जाई. ही कपात तेव्हा कितीतरी टेबलांवर पाळलीच जात नसे. ‘पायझो’ कंपनीने २००९ मध्ये याच नियमांवर बेतलेला ‘पाथफाइंडर’ हा खेळ काढताना ती वगळली आणि आपल्या पसंतीच्या पेशात टिकणाऱ्याला दर पातळीला एक छोटे बक्षीस ठेवले. टेबलावरची सवय पुस्तकात आली ती अशी.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मल्टिक्लासचा नियम ऐच्छिक आहे, तो लागू करायचा की नाही हे डीएमने ठरवायचे असते, हे मला मान्य आहे. बंदी घालण्याचा अधिकार पुस्तकानेच दिला आहे. आता मी तो कसा वापरला, ते सांगते.

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका खेळाडूने सॉर्सरर (उपजत जादू असलेला) आणि वॉरलॉक (कुणा अलौकिक शक्तीशी करार करून जादू मिळवणारा) ही जोडी जमवली. वॉरलॉकचे मंत्रांचे स्लॉट, म्हणजे मंत्र म्हणण्याच्या मोजक्या संधी, तासाभराच्या शॉर्ट रेस्टने, म्हणजे छोट्या विश्रांतीने, भरून येतात. सॉर्सररला कोणताही स्लॉट मोडून जादूचे पॉइंट करता येतात आणि पॉइंट जोडून पुन्हा स्लॉट करता येतो. २०१४ च्या नियमांप्रमाणे असा बनवलेला स्लॉट पुढची लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची विश्रांती, संपेपर्यंत टिकतो. म्हणजे जे पात्र झोपतच नाही, त्याचे स्लॉट मावळतच नाहीत. दोन पातळ्या वॉरलॉकच्या असतील तर पहिल्या दर्जाचे दोन स्लॉट मोडून दोन पॉइंट आणि त्या दोन पॉइंटांचा एक जादा स्लॉट. सोबतचे घोरत पडलेले असताना आठ तासांत असे आठ स्लॉट बाजूला पडतात. इंग्रजीत खेळणारे या पात्राला ‘कॉफीलॉक’ म्हणतात, ते त्याच्या जाग्रणावरूनच. आमच्या कॉफीलॉकने पात्राच्या कागदामागे पाच-पाचच्या काड्या मारून हिशेब ठेवला होता आणि तिसऱ्या रात्रीनंतर त्या काड्या समासात शिरल्या.

मी वैतागले आणि पुढच्या रविवारी जाहीर केले, की इथून पुढे कुणालाही दुसऱ्या पेशात पातळी घेता येणार नाही. कॉफीलॉकने खांदे उडवले, कागद बदलला आणि निव्वळ सॉर्सरर घेऊन आला. त्याला आकडे जमवण्याची हौस आहे. त्याचे नवे पात्रही टेबलावर सगळ्यांत तगडेच निघाले. फटका बसला तो दुसऱ्याच एका खेळाडूला. तिच्या चोराने एका देवळाची दानपेटी फोडली होती, पकडला गेला होता, आणि तिथल्या आजारी पुजाऱ्याची शुश्रूषा करता करता देऊळ सांभाळण्याचा शब्द देऊन बसला होता. चार सेशन आम्ही त्या देवळाबाहेर पडलो नव्हतो, आणि ते आमच्या सगळ्यांच्या आठवणीतले उत्तम खेळणे होते. पुढची पातळी क्लेरिकची घ्यायची, हे तिचे ठरलेले होते. तिने वाद घातला नाही. रात्री कागद गोळा करताना मला तिच्या पात्राच्या नावाखाली ‘चोर ३, क्लेरिक १’ असे पेन्सिलीने लिहून खोडलेले दिसले. खोडरबराने कागद त्या जागी पातळ झाला होता.

त्या रविवारपासून मी मल्टिक्लासचे नियम पुन्हा, या वेळी हिशेब तपासावा तसे, वाचायला घेतले. माझा निष्कर्ष असा, की टेबलावरचे बहुतेक घरगुती नियम तगड्या पात्राच्या धास्तीने केले जातात, आणि प्रत्यक्षात मदतीची गरज असते ती कथेसाठी दुसरा पेशा घेऊन मागे पडणाऱ्या पात्राला. पाचवी पातळी घ्या. निव्वळ फायटरला इथे आपल्या एका पाळीत दोन वार मिळतात. निव्वळ विझार्डला तिसऱ्या दर्जाचे मंत्र मिळतात, त्यांत आठ फाशांचा ‘फायरबॉल’ असतो. तीन पातळ्या फायटरच्या आणि दोन विझार्डच्या घेणाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते. त्याचा वार एक, मंत्र पहिल्या दर्जाचे, आणि गुणवाढही नाही, कारण ती एकूण चौथ्या पातळीला मिळत नसून कुठल्यातरी एका पेशाच्या चौथ्या पातळीला मिळते. बाकीचे एक जिना चढून वर गेलेले असताना हा खालच्या मजल्यावरच दोन खोल्यांत फेऱ्या मारत असतो.

पुस्तकाने काही बेरजा केल्या आहेत, हेही सांगायला हवे. प्रावीण्याचा बोनस एकूण पातळीवर ठरतो. ‘फायर बोल्ट’सारख्या किरकोळ मंत्रांचा जोर एकूण पातळीवर वाढतो. क्लेरिक आणि विझार्ड एकत्र केले तर दोघांच्या पातळ्या मिळवून स्लॉट मिळतात. तीन आणि तीन पातळ्यांच्या पात्राला सहाव्या पातळीचे, म्हणजे तिसऱ्या दर्जापर्यंतचे स्लॉट असतात, जरी त्यांत घालायला तिसऱ्या दर्जाचा एकही मंत्र त्याला येत नसला तरी. पण तीन पातळ्या फायटरच्या आणि दोन रेंजरच्या असलेल्याला, दोन्ही पेशे पाचव्या पातळीला दुसरा वार देणारे असूनही, दुसरा वार मिळत नाही. मंत्रवाल्यांची बेरीज पुस्तकाने करून दिली आणि तलवारवाल्यांची करायची राहिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

१३ गुणांच्या अटीचेही तसेच. पाचव्या आवृत्तीत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पेशांच्या मुख्य गुणांत किमान १३ असावे लागतात. ही अट तगड्या जोड्यांना रोखते, असा समज आहे. सॉर्सरर, वॉरलॉक, बार्ड या तिघांचा मुख्य गुण एकच, करिष्मा. त्यांच्यातली कोणतीही जोडी ही अट न पाहतासुद्धा ओलांडते. अडतो तो बार्बेरियन, ज्याला शेवटी अक्षरओळख होऊन विझार्डची एक पातळी घ्यावीशी वाटते. संतापाच्या भरात त्याला मंत्र म्हणता येत नाही, बुद्धी बेताची म्हणून म्हटलेला मंत्र लागत नाही, आणि वर ही अट. शक्ती आणि करिष्मा असे दोन्ही गुण मागणाऱ्या पॅलाडिनच्या बाबतीत ती थोडीफार काम करते, हे कबूल करते. इतरत्र ती दुबळ्यालाच आडवी येते.

काही टेबलांवर आणखी एक नियम दिसतो: दुसरा पेशा घ्यायचा तर कथेत त्याचे कारण दाखवा, गुरू शोधा, गावात महिनाभर राहा. ऐकायला छान वाटते. पण निव्वळ विझार्ड चौथ्या पातळीवरून पाचव्या पातळीवर जाताना रात्रीतून दोन नवे मंत्र शिकतो, तेव्हा त्याला कुणी गुरूचा पत्ता विचारत नाही. कथेचा आग्रह धरायचा असेल तर तो सगळ्यांकडे धरावा.

आता आमच्याकडे काय चालते, ते सांगते. बंदी मी दोन महिन्यांनी मागे घेतली आणि देवळातल्या चोराच्या त्या खेळाडूला मधल्या पातळीसकट पात्र नव्याने लिहू दिले. त्यानंतरच्या प्रत्येक मोहिमेत पहिल्या दिवशी, पात्रे बनवण्याआधी, एक पानी कागद टेबलावर ठेवला जातो. १३ गुणांची अट त्यात फक्त पॅलाडिनसाठी ठेवली आहे. गुणवाढ एकूण पातळीप्रमाणे, म्हणजे ४, ८, १२, १६ आणि १९ ला मिळते. फायटर आणि चोराला मिळणाऱ्या जादा गुणवाढी मात्र त्यांच्या त्यांच्या पेशाच्या पातळीवरच. बार्बेरियन, फायटर, माँक, पॅलाडिन आणि रेंजर यांच्या पातळ्यांची बेरीज पाच झाली की दुसरा वार मिळतो. कॉफीलॉकसाठी एकच वाक्य पुरले: पॉइंटांतून बनवलेला स्लॉट पुढच्या सूर्योदयाला मावळतो, मग पात्र झोपो वा न झोपो. २०१७ च्या एका पूरक पुस्तकात चोवीस तास न झोपणाऱ्याला थकव्याविरुद्ध फासा टाकायला लावणारा ऐच्छिक नियम आहे, पण तो लागू केला की पहाऱ्यावर जागणाऱ्या इतरांनाही भोवतो, म्हणून मी घेतला नाही.

यातले सगळेच बरोबर आहे, असा माझा दावा नाही. गुणवाढीच्या नियमामुळे एकेका पातळीची चव घेत फिरणाऱ्याला थोडे मोकळे रान मिळते, हे आमच्यातल्याच एकाने दाखवून दिले आहे. तरी नऊ वर्षांतल्या भांडणांची उजळणी केली, तर हरकत नियमाच्या कडकपणाला क्वचितच घेतली गेली. ती घेतली गेली नियम मध्येच आला म्हणून. मेंढीकोटात बंद हुकूम की कट हुकूम, हे आपल्याकडे घरोघरी वेगळे असते. आजोळी एक, काकांकडे दुसरे. त्यावर कुणी रुसत नाही, कारण पाने वाटण्याआधी कुणीतरी विचारून घेते. चार हात झाल्यावर मामांनी हुकमाची पद्धत बदलली, तर भाचरे पत्ते टाकून उठतील आणि मामींचा पाठिंबा त्यांनाच असेल. आमच्या कागदावरची शेवटची ओळ त्यासाठीच आहे: मोहीम चालू असताना नियम बदलायचा झाला तर सगळ्यांची संमती हवी, आणि ज्याच्या पात्राला त्याची झळ बसेल, त्याला पात्र पुन्हा लिहिण्याची मुभा हवी.

हा कागद आम्ही मराठीत लिहिला आहे. पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला असून मल्टिक्लासचे नियम त्यात आहेत, त्यामुळे श्रेय देऊन ते मराठीत आणायला कुणाची आडकाठी नाही. मराठी करताना एक अनपेक्षित लाभ झाला. इंग्रजीत ‘लेव्हल’ हा एकच शब्द तीन ठिकाणी येतो आणि मल्टिक्लास पात्राच्या बाबतीत तीनही ठिकाणी आकडा वेगळा असतो. आम्ही पात्राची ‘एकूण पातळी’, पेशाची ‘पातळी’ आणि मंत्राचा ‘दर्जा’ असे शब्द पाडून घेतले. ‘तिसरी लेव्हल झाली, मग तिसऱ्या लेव्हलचा मंत्र का नाही’ हा दर नव्या खेळाडूचा प्रश्न तेव्हापासून टेबलावर आलेला नाही.

प्रकाशकही याच दिशेने सरकताना दिसतात. २०२४ च्या नव्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये सगळ्याच पेशांच्या उपशाखा तिसऱ्या पातळीला नेल्या आहेत, त्यामुळे एकाच पातळीपुरते दुसऱ्या पेशात डोकावून मोठा लाभ उचलणे अवघड झाले. फायटरच्या जादा कृतीत मंत्र म्हणता येत नाही, हा अनेक टेबलांवरचा घरगुती नियम आता छापील नियम आहे. पॅलाडिन आणि रेंजरच्या पातळ्यांचे स्लॉटसाठी निम्मे करताना पूर्वी अपूर्णांक सोडून देत, आता वर धरतात, म्हणजे मागे पडणाऱ्याला अर्धे पाऊल परत मिळाले. ‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर दुसरा पेशा मुख्य पेशातल्या निवडी खर्चून घ्यावा लागतो, आणि दर सम पातळीला एक जादा निवड फुकट देणारा पर्यायी नियम त्याच कंपनीने पुढच्या वर्षी छापला. यांपैकी एकाही ठिकाणी दार बंद केलेले नाही.

शेवटी, लेखासोबतच्या चौकटीत एक चूक राहिली आहे. दुसरा पेशा घेण्यासाठी १५ आणि १७ गुण लागतात, असे त्यात आजच्या खेळाबद्दल छापले आहे. ही अट वर सांगितल्याप्रमाणे १९७८ ची, आणि तीही फक्त मानवी पात्रांसाठीची आहे. आजच्या आवृत्तीत दोन्ही पेशांच्या मुख्य गुणांत १३ पुरतात, आणि नव्या खेळाडूंना सहसा दिल्या जाणाऱ्या १५, १४, १३, १२, १०, ८ या आकड्यांत १७ कुठेच नाही. ती चौकट वाचून आमच्या सोसायटीतल्या एका आठवीतल्या मुलाने आपले पात्र बाद समजून फाडून टाकले. पुढच्या रविवारच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक वाचक, ठाणे